गोल कुणाचा?

आपल्याला हीरो लागतोच, बॉस! मॅच संपली की पहिला प्रश्न, ‘गोल कुणी मारला?’ मला मात्र २००६चा इटलीचा संघ जाम आवडतो, कारण तिथे या प्रश्नाचं एक उत्तरच नाही. त्या वर्ल्ड कपमध्ये इटलीनं १२ गोल केले आणि ते मारले तब्बल १० जणांनी. लुका टोनी आणि मार्को मातेराझीचे दोन-दोन, बाकी आठ जणांचा एकेक. सर्वाधिक पाच गोल मारून गोल्डन बूट नेला जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजानं. कप नेला इटलीनं!

बरं, ही काही सत्यनारायणाच्या प्रसादासारखी सगळ्यांना थोडी-थोडी वाटणी नव्हती. कोच मार्चेल्लो लिप्पींनी बेंचवर भरवसा टाकला, त्याचं हे फळ. १२ पैकी पाच गोल बदली खेळाडूंचे! मातेराझी तर डिफेंडर. नेस्टा जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली आणि फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानंच हेडरनं मारला. त्याआधी सेमीफायनलला, ११९व्या मिनिटाला जर्मनीची कोंडी फोडली फाबिओ ग्रोसोनं. तोही डिफेंडरच. आता समोरच्यानं अडवायचं तरी कुणाकुणाला?

याच्या उलट १९८६चं इंग्लंड. एकूण गोल सात, त्यातले सहा एकट्या गॅरी लिनेकरचे. गोल्डन बूट त्याला मिळाला, पण टीमची गाडी क्वार्टर फायनलला अडली.

‘पण त्यांना हरवलं ते एकट्या मॅराडोनानंच ना?’ असं तुम्ही म्हणाल. खरंय, त्या मॅचमधले अर्जेंटिनाचे दोन्ही गोल त्याचेच. पण स्पर्धेतल्या त्यांच्या १४ गोलांपैकी मॅराडोनाचे पाच आणि व्हाल्दानोचे चार. आणि फायनलमध्ये? मॅराडोनाचा एकही नाही! त्यानं पास दिला, बुरुचागानं गोल मारला आणि पश्चिम जर्मनी ३-२नं गारद.

थोडक्यात काय, तर स्टार जरूर असावा. पण त्याच्यावर पहारा बसेल त्या दिवशी दुसरं कुणीतरी तयार हवं आणि अशी माणसं ऐनवेळी उगवत नाहीत, त्यांना आधीपासून खेळवावं लागतं. तुमच्या ऑफिसातही सगळं टार्गेट एकाच्याच खांद्यावर असेल, तर त्यानं राजीनामा टाकायच्या आत बेंचवरचा मातेराझी शोधा!