गाडी चालू लागली म्हणजे बरी झाली?

बकरी ईदच्या सुट्टीत मालाडहून म्हसळ्याला गावी निघालो होतो. गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक. कोलाडच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचा तळ जोरात आपटला. इंजिन ऑइलचा दिवा लागला नाही, म्हणून धाकट्या भावाने ती तशीच दामटली. काही किलोमीटरांनी एक चढ लागला. इंजिन नुसते ओरडू लागले, गाडी सरकेना. खाली वाकून पाहिले, तर गिअरबॉक्समधून तेलाची धार.

हे तेल नुसते वंगण नसते. पंप त्याला दाब देतो आणि त्या दाबावरच गिअर धरला जातो. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, आतले भाग घसरतात आणि तापतात. म्हणून गळती दिसताच गाडी थांबवायची. आम्ही तेही केले नाही आणि वर दोरी बांधून ओढत नेली. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. चाके मात्र गिअरबॉक्सला फिरवत राहिली. अशी गाडी चारही चाके उचलून न्यायची असते.

रस्त्यावरच्या एका गॅरेजने गळती बंद करून तेल भरले. आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटले. पण मालाडला आल्यावर रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होईना, मग एकदम झटका.

मालवणीतल्या मेकॅनिक चाचांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "सर, तेल कोणतं भरलं? किती? आणि मोजलं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. बिलावर फक्त 'ऑइल' लिहिलेले. विद्यार्थ्याचा असा पेपर मी परत दिला असता.

आमची गाडी सीव्हीटी, म्हणजे दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा. तिला खास तेल लागते. साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. एएमटीची गोष्ट आणखी वेगळी, ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यामुळे दुकानात नुसते 'ऑटोमॅटिक' सांगून भागत नाही. गाडीच्या पुस्तकातले नाव दाखवावे. पातळीही सपाट जागेवर, पुस्तकात दिलेल्या तापमानालाच पाहायची. कमी तेल वाईट, जास्तही वाईट. त्याला फेस येतो आणि दाब पुन्हा पडतो.

आमच्या गाडीत चुकीचेच तेल निघाले. एकदा काढून ते सगळे जात नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. चाचांनी मधे गाडी चालवून तीनदा बदलले. रिव्हर्स सुधारला. पण चेंबरच्या चुंबकावर नेहमीच्या बारीक भुकटीबरोबर चमकते कण होते, आणि चढावर आरपीएमचा काटा अजून उगाच वर जातो. चाचा म्हणाले, "आता तेलावर पैसे घालू नका. आतला पट्टा गेलाय."

गिअरबॉक्स उघडायचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. भाऊ म्हणाला, "भाईजान, सपाट रस्त्यावर काही कळत नाही, विकून टाकू." अम्मी पलीकडे भाजी निवडत होती. बाजारातल्या धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग तिने त्याला आठवण करून दिला. भाऊ गप्प झाला.

चाचांकडून सगळा दोष कागदावर लिहून घेतला. पहिल्या गिऱ्हाइकाने तो वाचला, चहा घेतला आणि निघून गेला. दुसरा रविवारी यायचा आहे.