ऑर्किडची पोय आणि उतावीळ हात

फुलझाडांच्या निगेत हात चालविण्याला जेवढे महत्त्व आहे तेवढेच हात आवरण्यालाही आहे. ही गोष्ट ऑर्किडइतक्या स्पष्टपणे दुसरे कोणतेही झाड क्वचितच शिकवीत असेल. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक घरांच्या पडवीत ऑर्किडच्या चार-दोन कुंड्या टांगलेल्या दिसतात. झाड विकत आणले जाते, वर्षभर त्याची हौसेने उस्तवार होते आणि फूल आले नाही की ते ‘वांझ’ ठरवून उकिरड्यावर टाकले जाते. यांतील पुष्कळ झाडे मुळीच वांझ नसतात. काहींना प्रकाश पुरेसा मिळालेला नसतो. काहींना विश्रांती मिळालेली नसते. काहींच्या कळ्या तर बाहेर येण्यापूर्वीच उतावीळ हातांनी खुडल्या गेलेल्या असतात. म्हणून फुलोऱ्यासाठी औषधाची बाटली सुचविण्याआधी झाडाची पोय ओळखावयास शिकविणे, हे विस्तारकार्याचे पहिले काम मानले पाहिजे.

पोय हा शब्द बागायतदारास नवीन नाही. माडाचा फुलोरा कठीण आवरणात गुंडाळलेला असतो व वेळ येताच ते आवरण आपोआप उकलते. कॅटलिया जातीच्या ऑर्किडमध्येही अशीच व्यवस्था आहे. त्याच्या प्रत्येक नव्या फुटव्याचे खोड फुगीर होते. त्यास आभासी कंद म्हणतात. या कंदाच्या शेंड्यावर, पान जेथून निघते तेथे, एक चपटे, हिरवे, पाकिटासारखे आवरण येते. हीच ऑर्किडची पोय. कळ्या तिच्या तळाशी जन्म घेतात आणि तिच्या आश्रयाने वर चढतात. पोय आली म्हणजे फूल आलेच असे मात्र समजू नये. पोय ही केवळ फुलासाठी सिद्ध झालेली जागा होय. कळी धरणे अथवा न धरणे हे पुढे मिळणाऱ्या प्रकाशावर, उष्णतामानावर व ऋतूवर अवलंबून असते.

येथेच पहिली चूक घडते. हिरवी पोय काही आठवड्यांत पिवळी पडते, मग तपकिरी होऊन कागदासारखी वाळते. वाळलेले ते मेलेले, अशा समजुतीने ती ओरबाडून टाकण्यात येते. वस्तुतः कॅटलियाच्या अनेक जातींत फुटवा पक्व होताच पोय दिसते, झाड काही महिने स्वस्थ राहते आणि नंतर त्या वाळलेल्या पोयीतूनच कळ्या वर येतात. कोलंबियाचे राष्ट्रीय फूल असलेले कॅटलिया ट्रायनी आणि व्हेनेझुएलाचे राष्ट्रीय फूल असलेले कॅटलिया मॉसिई यांची रीत अशीच आहे. उलट कॅटलिया डोवियाना व वॉर्सेविचाय यांच्यासारख्या जाती फुटवा वाढत असतानाच, फारशी विश्रांती न घेता फुलतात. आज मिळणारी बहुतेक झाडे संकरित असल्यामुळे प्रत्येक झाडाची रीत त्याच्याच वागणुकीवरून ओळखावी लागते. यासाठी पोय दिसल्याची, कळी दिसल्याची व फूल उमलल्याची तारीख एका वहीत नोंदवून ठेवावी. अशी नोंद दोन वर्षे ठेवली तरी झाडाचा स्वभाव ध्यानात येतो.

आत कळी आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी पोय फोडण्याची गरज नसते. संध्याकाळी पोयीच्या मागे विजेरी धरावी. तळाशी गडद सावली दिसली तर ती कळी समजावी. सावली न दिसल्यास पोय तशीच राहू द्यावी. कंद टणक आणि पान तजेलदार असेल तर वाळलेली पोयही कात्री लावण्यास पात्र ठरत नाही.

मात्र हात आवरणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. पावसाळ्यात हवा दमट असते व रात्रीचा गारवा वाढला की पोयीच्या आतील बाजूस पाणी साठते. अशी पोय मऊ, पाणथळ व काळपट होऊ लागली तर आतील कळी कुजण्याचा धोका असतो. अशा वेळी पोयीचे टोक किंचित कापून आत हवा खेळती करावी. कुजण्याची सुरुवात झालीच असेल तर पोय दोन्ही कडांनी सावकाश चिरून बाजूस करावी. कळीस पाते वा बोट लागू देऊ नये. पाते आधी ज्योतीवर तापवून थंड करून घ्यावे व प्रत्येक झाडासाठी ते पुन्हा तापवावे, कारण सिंबिडियम मोझॅकसारखे विषाणुरोग पात्यावरील रसातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात.

कंदाभोवती आणखी एक पातळ आवरण असते. ते कंदाबरोबर वाढते व पुढे पांढरट होऊन सुकते. पोय आणि हे आवरण एकच समजल्याने गोंधळ होतो. या सुक्या आवरणाखाली खवले कीड व पिठ्या ढेकूण लपून बसतात, म्हणून ते पूर्ण सुकल्यावर उभे चिरून अलगद सोडवावे. ओले असताना ते ओढल्यास कंदाच्या बुडाशी असलेला डोळा दुखावतो, आणि पुढील वर्षाचा फुटवा त्याच डोळ्यातून यावयाचा असतो.

आता मुख्य प्रश्न फूल येण्याचा. रिकाम्या राहणाऱ्या पोयींचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अपुरा प्रकाश. सावली मानवते म्हणून ऑर्किड घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगले जाते. त्याची पाने गर्द हिरवी व लांबट होतात, पाहणारा त्यांचे कौतुक करतो आणि झाड मात्र फुलत नाही. कॅटलियाचे पान किंचित पिवळसर हिरवे दिसले पाहिजे. सकाळचे ऊन त्यास द्यावे, दुपारचे प्रखर ऊन टाळावे. पानाच्या वर सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर हात धरला असता त्याची फिकट कडांची पण ओळखू येणारी सावली पडत असेल, तर प्रकाश साधारण योग्य आहे असे समजावे.

प्रकाशाइतकीच रात्रही महत्त्वाची आहे. कॅटलिया लॅबिएटासारख्या जाती दिवस लहान होऊ लागले म्हणजे कळी धरतात. अशा झाडाशेजारी पडवीतील दिवा रात्रभर जळत राहिला तर झाडास रात्र झाल्याचेच कळत नाही व फुलोरा लांबतो. कुंडी दिव्यापासून दूर हलविण्यास काहीही खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. हिचा धडा सह्याद्रीच्या जंगलातच मिळतो. तेथील डेंड्रोबियम बार्बॅट्युलम हे ऑर्किड पावसाळ्यात वाढते, नंतर पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत निष्पर्ण खोडावर पांढऱ्या फुलांचे घोस धारण करते. परसातील कॅटलियाची पाने गळत नाहीत, पण वाढ पूर्ण झाल्यावर त्यासही पाणी कमी करावे लागते. कंद सुरकुतू नयेत, परंतु मुळे दोन पाण्यांमध्ये पूर्ण सुकावीत, एवढे प्रमाण ठेवावे. कुंडीत माती न घालता कोळसा, विटांचे वा कौलांचे तुकडे आणि नारळाचे सोडण घालावे, म्हणजे मुळांना हवा मिळते. कोकणातील संततधार पावसात कुंड्या वळचणीच्या आत घ्याव्यात. वाढीच्या काळात एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम विद्राव्य खत आठवड्यातून एकदा पुरते. विश्रांतीच्या काळात नत्र देत राहिल्यास फुलांऐवजी वाढच होत राहते. डेंड्रोबियम नोबाइलमध्ये तर कळ्यांच्या जागी लहान रोपे फुटतात.

सर्व ऑर्किडना एकच नियम लावणे चुकीचे आहे. फॅलेनॉप्सिसला अशी पोय नसते. त्याचा दांडा निघण्यासाठी काही आठवडे उष्णतामान सुमारे 25 अंश सेल्सिअसच्या खाली असावे लागते, म्हणून किनारपट्टीवर ते बहुधा हिवाळ्यातच दांडा धरते. डेंड्रोबियमच्या जुन्या काठ्यांवर पुन्हा फुले येऊ शकतात. कॅटलियाचा जुना कंद पुन्हा फुलत नाही, पण नव्या फुटव्यास अन्न पुरवितो. म्हणून तो निरुपयोगी मानून कापू नये.

कळ्या वर आल्यानंतर कुंडीची दिशा बदलू नये. घरात आंब्याची अढी घातली असेल तर कुंडी त्या खोलीत ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात. चुलीच्या धुराचाही परिणाम तसाच होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ऑर्किडच्या घरी जाताना प्रथम पान पाहावे, मग मुळे, मग पोय. आणि सल्ला शेवटी द्यावा. बियांपासून तयार झालेले कॅटलिया फुलावर येण्यास चार ते सात वर्षे लागू शकतात. लहान रोप घेणाऱ्यास ही गोष्ट आधीच सांगितली तर पुढची निराशा टळेल. ज्या भगिनी परसातील फुलांतून चार पैसे मिळविण्याची आशा धरतात, त्यांच्या दृष्टीने ही केवळ हौसेची बाब राहत नाही. टाकून दिलेल्या प्रत्येक झाडाबरोबर त्यांचे भांडवल व उमेद दोन्ही जातात.

झाड फुलले नाही म्हणून रानातील सीतेची वेणी खरवडून आणण्याचा मोहही याच अज्ञानातून होतो. राखीव जंगलातून अशी झाडे विनापरवाना काढणे हा गुन्हा आहे, आणि फांदीवरून ओरबाडलेले झाड घरी बहुधा जगतही नाही. 1922 साली नड्सन यांनी ऑर्किडचे बी साखरयुक्त माध्यमावर रुजविले व 1960 साली मोरेल यांनी ऊतीसंवर्धनाचा मार्ग दाखविला. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे विपुल तयार होऊ लागली. जंगल लुटण्याचे कारण आता उरलेले नाही.

माडाची पोय कोणी बागायतदार कोयतीने उकलावयास जात नाही, कारण ती आपल्या वेळी उकलेल हे तो जाणतो. हाच विश्वास त्याने पडवीतील कुंडीवरही ठेवावा. प्रकाश, रात्र, पाणी आणि विश्रांती देणे मनुष्याच्या हाती आहे. कळीची वेळ ठरविण्याचे काम झाडाकडेच राहू द्यावे.