शोधयंत्राचा कौल आणि मूळ कागद

अलीकडे आपल्या समाजात एक नवी रूढी पडत चालली आहे. मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न असो, जातीच्या दाखल्याचा असो वा शेताच्या वाटणीचा, हातातील फोनवर दोन शब्द टाकावयाचे आणि जी ओळ प्रथम उमटेल तिलाच निर्णय मानावयाचे. पूर्वी गावच्या पाटील-पटवाऱ्याच्या शब्दाला जे वजन होते, ते आज शोधयंत्राला प्राप्त झाले आहे. ज्ञानाचे दार सर्वांस उघडले, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु इंटरनेटवर माहिती शोधण्याची साधने एकाच प्रकारची नाहीत. प्रत्येकाचे कार्य निराळे आणि मर्यादाही निराळी. हा भेद न जाणणारा मनुष्य आपला हक्क आपल्याच हाताने गमावून बसेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या साधनांचे स्वरूप पाहू. १९९० साली बार्बाडोस बेटावर जन्मलेल्या अॅलन एम्टेज या विद्यार्थ्याने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ‘आर्ची’ नावाचे साधन सिद्ध केले. ते केवळ फाइलींची नावे शोधी. आत काय लिहिले आहे ते त्यास कळत नसे. १९९४ साली ‘याहू’ची सूची निघाली. तीत माणसे स्वतः संकेतस्थळे पाहून ती ग्रंथालयाप्रमाणे विषयवार लावीत. १९९८ साली ‘गूगल’ आले. हे यंत्र असंख्य पाने वाचते, शब्दांची अनुक्रमणिका बांधते, आणि कोणते पान वर दाखवावे हे ठरविताना इतर गोष्टींबरोबरच त्या पानाकडे दुसरी किती व कोणती पाने बोट दाखवितात हेही पाहते. तात्पर्य, यंत्र सत्यासत्याचा निवाडा करीत नाही. ते बहुतांशी प्रसिद्धीचा अंदाज करते.

याचा आपल्या हक्कांशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास उदाहरण देतो. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरताच होता. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला; बौद्ध मात्र बाहेरच राहिले. पुढे १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवर डी. पी. मेश्राम निवडून आले असता, ते बौद्ध झाले आहेत या मुद्द्यावर त्यांच्या निवडीस आव्हान देण्यात आले. ‘पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ लावला आणि निकाल मेश्राम यांच्या विरुद्ध गेला. १९६५ च्या निर्णयसंग्रहात तो छापलेला आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थासाठी त्याचा आधार पुढेही घेतला गेला आहे.

आता धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एखाद्या मुलीने शोध घेतला आणि हाच निकाल तिच्यासमोर आला, तर सवलत गेली असे समजून ती अर्जच करणार नाही! वस्तुतः १९९० च्या दुरुस्ती कायद्याने त्या आदेशात बौद्ध धर्माचा समावेश झाला आहे. निकाल खोटा नाही; ज्या नियमावर तो उभा होता तो नियमच बदलला आहे. परंतु हे शोधयंत्र आपण होऊन सांगेलच, असा भरवसा नाही.

यास्तव प्रश्न पाहून साधन निवडावे. अधिनियमाचे आजचे शब्द पाहण्यास ‘इंडिया कोड’, अधिसूचनेसाठी राजपत्र, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांसाठी २०२३ साली खुला झालेला ‘ई-एससीआर’ हा संग्रह, दाव्याच्या तारखेसाठी ‘ई-कोर्ट्स’ आणि सातबाऱ्यासाठी ‘महाभूलेख’. एखादे पान नाहीसे झाले असेल, तर ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याची जुनी प्रत मिळण्याचा संभव असतो. शोधयंत्र हा वाटाड्या आहे, साक्षीदार नव्हे.

वऱ्हाडातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जातीच्या दाखल्याच्या कामी १० ऑगस्ट १९५० या तारखेपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी अमरावती जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. वरूड तेव्हा मोर्शी तालुक्यात होते, आणि इंग्रजी कागदांत वऱ्हाडचे नाव ‘बेरार’ असे होते. तेव्हा ‘महाराष्ट्र, वरूड तालुका, १९५०’ असा शोध निष्फळ ठरला, तर कागदच नाही असे समजू नये. शिवाय आजोबांच्या जन्माची नोंद असलेले कोतवाल बुक किंवा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधयंत्राने आणून द्यावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि शाळेच्या कपाटात शोधावयाचे असते; तेथे अर्ज करूनच नक्कल घ्यावी लागते.

२०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आले आणि प्रश्नाला थेट उत्तर रचून देणारी यंत्रे घरोघर पोहोचली. त्यांची भाषा गोड व आत्मविश्वासाची असते. म्हणूनच अधिक सावध असले पाहिजे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले, आणि त्यांच्यावर व त्यांच्या कचेरीवर मिळून ५,००० डॉलरचा दंड बसला. जेथे कायदा शिकलेले फसतात, तेथे सामान्य कुटुंबाची काय कथा? असे यंत्र अवघड मजकूर सोपा करून देण्यास उपयोगी पडते. परंतु त्याने सांगितलेला प्रत्येक निकाल व प्रत्येक कलम मूळ संग्रहात पाहिल्यावाचून स्वीकारू नये.

वरच्या थरातील फळे पाहून पेटीतील सारा माल ठरवू नये, हे वरूडच्या संत्रा बागाईतदारास कोणी शिकवावे लागत नाही. तीच पारख येथे हवी. पहिल्या पानावर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दिसले की ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे, हे ओळखावे.

बंधुभगिनींनो, माझी सूचना साधी आहे. घरातील शिकल्या मुलामुलींनी एक वही ठेवावी. कोणता प्रश्न होता, कोणत्या साधनात पाहिले, मूळ कागद कोणत्या सालचा निघाला आणि तो पुढे बदलला काय, एवढे तीत लिहावे. एका घराचा शोध दहा घरांच्या उपयोगी पडेल. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी, ज्या कागदाच्या आधारे ती करीत आहोत, तो कागद आपल्या डोळ्यांनी वाचावा.