जग्वार : रंगाचा वाद आणि रूपाचा प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील मायामी शहरात जग्वारने 'टाइप झीरो झीरो' या नावाच्या कॉन्सेप्ट कारवरील पडदा दूर केला. लांबलचक बॉनेट, मागे सरकलेला बुटका टप, सपाट बाजू आणि मागच्या काचेचा पूर्ण अभाव असे तिचे रूप होते. एक गाडी गुलाबी रंगाची, तर दुसरी निळ्या. विजेवर धावणाऱ्या आगामी जग्वारची ही नांदी असल्याचे कंपनीने सांगितले आणि त्या क्षणापासून या गाडीची जितकी प्रतीक्षा झाली, त्याहून अधिक तिची चिकित्सा झाली. एकही ग्राहक चालकाच्या आसनावर बसण्यापूर्वी जगभरातील लाखो लोकांनी तिच्यावर निकाल देऊन टाकला. हा निकाल कितपत ग्राह्य धरायचा, हा खरा प्रश्न आहे.

वादाची ठिणगी मुळात गाडीने पडलीच नव्हती. अनावरणाच्या सुमारे दोन आठवडे आधी कंपनीने नवे बोधचिन्ह आणि एक जाहिरात प्रसिद्ध केली. भडक रंगांचे कपडे घातलेली माणसे त्या जाहिरातीत होती, गाडी मात्र एकही नव्हती. तुम्ही गाड्या विकता काय, असा खोचक सवाल टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीरपणे केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही या जाहिरातीवर तोंडसुख घेतले. गाडी बाजूला राहिली आणि जाहिरात हा अमेरिका व ब्रिटनमधील सांस्कृतिक-राजकीय भांडणाचा विषय झाला. त्यामुळे मायामीत प्रत्यक्ष गाडी समोर आली, तेव्हा तिच्याकडे निर्विकार नजरेने पाहणारे फारच थोडे उरले होते.

या गदारोळात आकड्यांचीही ओढाताण झाली. एप्रिल २०२५ मध्ये युरोपात जग्वारच्या अवघ्या ४९ गाड्यांची नोंदणी झाली. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ही संख्या १,९६१ होती. ही घसरण जाहिरातीमुळेच झाली, असा निष्कर्ष तत्काळ काढला गेला आणि तो सर्वदूर पसरला. वस्तुस्थिती निराळी होती. कंपनीने आपली जुनी मॉडेल्स ठरवून एकेक करून बंद केली होती. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या गाड्यांचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले होते. दुकानात मालच नसेल, तर विक्री कशाची होणार? तेव्हा हा आकडा जाहिरातीच्या अपयशाचा पुरावा ठरत नाही. तो एका असाधारण निर्णयाचा पुरावा मात्र आहे. नवी गाडी तयार होण्याआधीच जुन्या गाड्यांची विक्री थांबवण्याचे धाडस नामांकित मोटार कंपन्या सहसा करीत नाहीत.

हे धाडस का करावे लागले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गेली दोन दशके जग्वारने बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी या जर्मन कंपन्यांच्या अंगणात शिरून त्यांच्याशी झुंज दिली. गाड्या देखण्या होत्या, पण संख्येच्या खेळात जग्वार कधीच त्यांच्या जवळपास पोहोचली नाही. २०१८ च्या सुमारास वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत गेलेली विक्री पुढे घसरतच गेली. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले, की जग्वार यापुढे केवळ विजेवर चालणाऱ्या, अधिक महाग आणि संख्येने कमी गाड्या बनवील. तयार होत आलेली विजेवरील 'एक्सजे' त्याच वेळी रद्द झाली. नव्या गाडीची किंमत १ लाख पौंडांच्या वर असेल आणि जुन्या ग्राहकांपैकी बहुसंख्य तिच्याकडे वळणार नाहीत, हेही कंपनीने गृहीत धरले. म्हणजे ज्यांना ही गाडी आवडली नाही, त्यांतील अनेकांसाठी ती बनवलेलीच नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे रूपाकडे, वळता येईल. टाइप झीरो झीरोवरील सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या रंगावर नसून बॉनेटवर आहे. स्पोर्ट्स कारचे लांब बॉनेट ही एके काळची गरज होती. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात अवतरलेल्या जग्वार ई-टाइपचे उदाहरण घ्यावे. तिच्या नाकाखाली ३.८ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. त्याला जागा हवी होती, म्हणून बॉनेट लांब झाले. गाडीचा घाट माल्कम सेयर यांनी घडवला. ते विमाननिर्मितीच्या क्षेत्रातून आले होते आणि वाऱ्याचा अवरोध कमी करण्याचे गणित मांडून ते वक्ररेषा आखत असत. एन्झो फेरारी यांनी ई-टाइपला जगातील सर्वांत सुंदर मोटार म्हटल्याचे सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये ती आपल्या संग्रहात घेतली. तिचे सौंदर्य वरून चढवलेले नव्हते. आतल्या यंत्राच्या आणि बाहेरच्या वाऱ्याच्या गरजेतून ते उमलले होते.

विजेच्या गाडीत ही गरजच उरत नाही. बॅटरी तळाशी पसरते आणि मोटर आकाराने लहान असते. मग पुढचे ते लांब नाक कशासाठी? टीकाकारांच्या मते हा केवळ आठवणींचा मुखवटा आहे. समर्थकांचे म्हणणे असे, की मोटार ही केवळ उपयोगाची वस्तू नव्हे. लांब बॉनेट आणि मागे रेललेला टप यांतून वेगाची, डौलाची जी भावना मनात उमटते, ती इंजिन गेले म्हणून नाहीशी होत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गंमत अशी, की या वादाचे एक प्रात्यक्षिक खुद्द जग्वारनेच करून ठेवले आहे.

२०१८ मध्ये कंपनीने 'आय-पेस' ही विजेवरील गाडी आणली. त्या वेळचे रचना-प्रमुख इयान कॅलम यांनी तिच्यात नेमका उलटा मार्ग पत्करला होता. इंजिन नाही ना, मग बॉनेट आखूड करा, प्रवाशांचा कक्ष पुढे सरकवा, आतली जागा वाढवा, असा तो सरळ विचार होता. जाणकारांनी तिला डोक्यावर घेतले. २०१९ मध्ये जगातील सर्वोत्तम मोटार आणि सर्वोत्तम रचना असे दोन्ही जागतिक सन्मान तिला मिळाले. तरीही बाजारात ती तग धरू शकली नाही. स्पर्धक वाढले, बॅटरीच्या तक्रारींमुळे गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. तर्कशुद्ध रूप, जाणकारांची दाद आणि पुरस्कार हे सारे असूनही गाडी चालली नाही. टाइप झीरो झीरोचे लांब बॉनेट म्हणजे या अनुभवानंतर तर्काकडून भावनेकडे घेतलेले वळण आहे.

लोकांच्या पहिल्या प्रतिक्रियेवर किती विसंबावे, याचाही धडा जग्वारच्या इतिहासात आहे. ई-टाइपच्या जागी १९७५ मध्ये 'एक्सजे-एस' आली, तेव्हा चाहत्यांची घोर निराशा झाली. टपाच्या मागच्या कडेपासून शेपटीकडे उतरणारे तिचे दोन रुंद पाखे अनेकांना विद्रूप वाटले. ई-टाइपचा वारसा बुडवल्याची ओरड झाली. वास्तविक तिच्या घाटाची सुरुवात त्याच माल्कम सेयर यांच्या हातची होती. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम इतरांनी पूर्ण केले. १९८० साली या गाडीच्या उत्पादनाने तळ गाठला आणि ती बंद करावी, अशी वेळ आली. पण १९८१ मध्ये तिच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात इंधन वाचवणारी सुधारणा झाली, कारखान्यातील जुळणीचा दर्जा सुधारला आणि गाडीने उभारी धरली. १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षे, ती बनत राहिली. तिच्या सुमारे १ लाख १५ हजार गाड्या तयार झाल्या. देखण्या ई-टाइपच्या गाड्यांची संख्या ७२ हजारांच्या आसपास होती. एक्सजे-एसचे वादग्रस्त पाखे शेवटपर्यंत कायम होते. तिला तारले ते इंजिनाने आणि दर्जाने.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. फोर्डच्या मालकीच्या काळात १९९८ मध्ये जग्वारने 'एस-टाइप' सादर केली. १९६० च्या दशकातील जग्वारची आठवण करून देणारे तिचे गोलसर रूप होते. परंपरा जपा म्हणणाऱ्यांना हवे होते, तेच कंपनीने दिले. २००१ मध्ये आलेली 'एक्स-टाइप' तर फोर्डच्या मॉन्डेओ या सर्वसाधारण गाडीच्या पायावर उभी होती, पण पोशाख मात्र जुन्या जग्वारचा होता. या भूतकाळभक्तीने कंपनीला तारले नाही. तोटा साचत गेला आणि २००८ मध्ये फोर्डने जग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या टाटा मोटर्सला २.३ अब्ज डॉलर्सना विकल्या. तात्पर्य, गाडी परंपरेला धरून आहे की परंपरा मोडणारी आहे, एवढ्यावरून तिचे भवितव्य ठरत नाही.

टाटांच्या या नात्यामुळेच सोलिहल आणि मायामीतील घडामोडींचे पडसाद मुंबईत उमटतात. जग्वारच्या काही मॉडेल्सची जुळणी अनेक वर्षे पुण्यात होत असे. टाटा मोटर्सचे २०२५ मध्ये विभाजन झाले, तेव्हा जग्वार लँड रोव्हर प्रवासी वाहनांच्या कंपनीकडे राहिली. त्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा ब्रिटनमधील या व्यवसायातून येतो. त्यामुळे शेअर बाळगणारा मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय गुंतवणूकदार ही गाडी कधी विकत घेणार नसला, तरी तिच्यावर लागलेल्या पैजेत त्याचाही अंश आहे. अर्थात, व्यवसायाचा नफा प्रामुख्याने रेंज रोव्हर आणि डिफेंडर मिळवून देतात. जग्वारची नवी घडी त्यांच्याच कमाईवर बसवली जात आहे आणि ही कमाईही निर्वेध राहिलेली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे कंपनीचे कारखाने काही आठवडे ठप्प झाले. अशा परिस्थितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी यांनी जग्वार लँड रोव्हरची सूत्रे हाती घेतली.

गुलाबी रंगावर हसणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेला धोका वेगळाच आहे. २०२१ मध्ये केवळ विजेची वाट धरण्याचा निर्णय झाला, तेव्हा श्रीमंत ग्राहक तिकडे वेगाने वळतील असे मानले जात होते. तसे घडले नाही. पोर्शच्या विजेवरील 'टायकान'ची विक्री २०२४ मध्ये जवळपास निम्म्यावर आली आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने आपल्या विद्युतीकरणाच्या योजना लांबणीवर टाकल्या. अन्य महागड्या गाड्यांच्या निर्मात्यांनीही पेट्रोल इंजिनाला मुदतवाढ दिली. त्यांच्याकडे परतीची वाट होती. जग्वारने आपले जुने पूल पाडून टाकलेले असल्याने तिला तशी मुभा कमी आहे. एका पूर्ण चार्जिंगमध्ये ७७० किलोमीटरचा पल्ला आणि १५ मिनिटांच्या चार्जिंगमध्ये ३२१ किलोमीटरची सोय, हे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलेले लक्ष्य गाठले, तरी ग्राहकाला विजेची महाग गाडी हवीच आहे का, हा प्रश्न उरतोच.

टाइप झीरो झीरो दोन दारांची कॉन्सेप्ट कार होती. उत्पादनासाठी योजलेली गाडी चार दारांची 'ग्रँड टूरर' आहे. तिच्या अनावरणासाठी कंपनीने २०२६ हे वर्ष ठरवले. या गाडीचा निवाडा करताना पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे प्रमाणबद्धता. मागच्या प्रवाशांसाठी दारे आणि डोक्यावर पुरेशी जागा दिल्यावर तो बुटका टप आणि लांब बॉनेट यांचा तोल टिकतो का? दुसरी म्हणजे मागचे दृश्य. मागच्या काचेऐवजी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवायची, तर तो पावसाळी रात्री आणि चिखलातही चालकाला खात्री देतो का? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे विश्वासार्हता. आय-पेसने कमावलेले नाव तिथेच गमावले होते.

काहींना ही गाडी आता आवडेल, काहींना नंतर आवडेल आणि काहींना कधीच आवडणार नाही, अशा आशयाचे विधान तेव्हा जग्वारच्या रचनेची धुरा वाहत असलेले जेरी मॅकगव्हर्न यांनी अनावरणाच्या वेळी केले होते. ते उद्धट वाटले, तरी इतिहासाला धरून होते. कोणाचीही नक्कल करू नये, ही संस्थापक सर विल्यम लायन्स यांची शिकवण कंपनीने नव्या पर्वाचे ब्रीद म्हणून पुढे केली. लायन्स यांच्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग मात्र जाहिरातीत आला नाही. त्यांच्या गाड्या दिसायला वेगळ्या असत, तशाच वेगाच्या मानाने स्वस्तही असत. ई-टाइप पाहून लोक थबकत, तिची किंमत ऐकून विस्मित होत आणि ती चालवून पाहिल्यावर तिचे भक्त होत. लाख पौंडांच्या नव्या जग्वारने वेगळेपणाचा वारसा उचलला आणि माफक किमतीचा सोडून दिला. तेव्हा तिला उरलेला आधार एकच, तो म्हणजे चालवण्याचा अनुभव. त्यात ती उतरली, तर गुलाबी रंगाचा वाद एक गमतीदार आठवण म्हणून उरेल. नाही उतरली, तर दोष रंगाला देता येणार नाही.