काठीमागची नऊ वर्षे आणि पदोन्नतीचे निकष

दृष्टिहीन व्यक्तीच्या हातातील पांढरी काठी पुढचा खड्डा, पायरी किंवा दगड सांगते. गुडघ्याच्या वर मात्र तिचे काही चालत नाही. उभ्या ट्रकची मागची फळी, खाली झुकलेली फांदी किंवा उघडी खिडकी कपाळावर आदळल्यावरच कळते. आयआयटी दिल्लीच्या संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या अडचणीवर काम केले, ती ही.

त्यातून घडलेले ‘स्मार्टकेन’ हे उपकरण नेहमीच्या घडीच्या काठीच्या मुठीवर बसते. ते श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडते, अडथळ्यावरून परतणाऱ्या लहरींवरून अंतर ओळखते आणि कंपनांच्या बदलत्या लयीतून ते बोटांना कळवते. पल्ला सुमारे ३ मीटर. पदवीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून २००५च्या सुमारास सुरू झालेले हे काम २०१४ मध्ये बाजारात आले. चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने उत्पादन स्वीकारले, दिल्लीची सक्षम ही संस्था सोबत राहिली, वेलकम ट्रस्टने आर्थिक साहाय्य दिले. किंमत सुमारे ३,००० रुपये ठेवता आली.

मधली नऊ वर्षे कशात गेली, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतील टेबलावर अडथळा ओळखणारा नमुना तयार करणे हा कामाचा लहान भाग होता. काठी धरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी. कंपनांची भाषा थोड्या सरावात अंगवळणी पडली पाहिजे, गर्दीत ती त्रासदायक होता कामा नये, उपकरण पडले तरी टिकले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे वापरणाऱ्यांसोबत रस्त्यावर चालल्याशिवाय मिळत नाहीत. मानव-संगणक आंतरक्रिया या शाखेचा गाभा हाच आहे.

आता एक अप्रिय प्रश्न. नुकताच रुजू झालेला तिशीतला सहायक प्राध्यापक एका काठीसाठी नऊ वर्षे देऊ शकेल का? बालकृष्णन या कामाकडे वळले तेव्हा हार्डवेअर रचना आणि अंतःस्थापित प्रणालींच्या क्षेत्रात त्यांचे नाव झालेले होते. पुढे ते संस्थेचे उपसंचालकही झाले. ज्याचे स्थान पक्के आहे, त्याला असे धाडस परवडते. तरुण अध्यापकापुढे शोधनिबंधांच्या मोजदादीचा तक्ता असतो आणि त्यात कारखान्याशी चाललेल्या वाटाघाटींना, अंधशाळेतील चाचण्यांना रकाना नसतो. साहजिकच तो सहा महिन्यांत निबंध देणारा प्रश्न निवडतो.

याला एक सबळ प्रतिवाद आहे. शोधनिबंधाची तज्ज्ञांकडून छाननी होते. ‘समाजोपयोगी काम’ या शब्दाखाली मात्र काहीही खपू शकते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मागणी सवलतीची नसावी, पुराव्याची असावी. उपकरण देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर किती टकरी झाल्या? वर्षभरानंतर किती जण ते वापरतात? ज्यांनी सोडले, त्यांनी का सोडले? रचनेत दृष्टिहीन सहकाऱ्यांचा वाटा कोणता? हे सारे मोजता येते, तपासता येते आणि निवड समितीसमोर मांडता येते. अयशस्वी चाचणीचा प्रामाणिक अहवालसुद्धा या हिशेबात धरला जावा.

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख लोकांना दृष्टीविषयक अपंगत्व आहे. त्यांच्या हाती येणाऱ्या साधनांचा प्रश्न देशातल्या किती तरुण संशोधकांना परवडतो, हे संस्थांच्या नियमांवर ठरते.

नियम अनुकूल असले तर एका प्रकल्पातून किती वाटा फुटतात, हेही याच प्रयोगशाळेत दिसते. तिथल्याच कामातून २०१९ मध्ये ‘डॉटबुक’ हा ब्रेल लॅपटॉप आला. पाठ्यपुस्तकातील आकृत्या बोटांनी वाचता याव्यात म्हणून उठावाच्या चित्रांचे काम उभे राहिले. काठीच्या प्रकल्पातील विद्यार्थी रोहन पॉल ऑक्सफर्डला पीएचडी करून आयआयटी दिल्लीतच अध्यापक म्हणून परतले आणि माणसांसोबत काम करणाऱ्या यंत्रमानवांवर संशोधन करू लागले.

या शाखेत येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी अवश्य पाहावी. त्याचबरोबर त्यांनी घडवलेली वस्तू आज कोणाच्या हातात आहे, याचीही चौकशी करावी. निवड समित्यांनीही उमेदवाराला हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.