दिवसपाळी, रातपाळी आणि माकडे

गेल्या रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत एका सातवीतल्या मुलाने विचारले, "काका, माकडं रात्री काय करतात?" बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर पुरते ठाऊक नव्हते. मी बी. कॉम. झालेला कारकून, माझे आयुष्य जमाखर्चात गेले. मग चार पुस्तके चाळली.

आपल्याकडची वानरे आणि लाल तोंडाची माकडे अंधार पडला की झाडावर गप्प बसतात, उजाडले की खाली उतरतात. म्हणजे ती दिवसपाळीची. काही प्राणी निव्वळ रातपाळीचे असतात. पण आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर लेमूर नावाचे, माकडांचे दूरचे भाऊबंद राहतात. त्यांतले काही दिवसाही खातात-फिरतात आणि रात्रीही. अमेरिकन शास्त्रज्ञ इयन टॅटरसॉल यांनी १९७०च्या दशकात ते पाहिले आणि १९८७ साली या सवयीला 'कॅथेमेरल' असे नाव दिले. दिवस आणि रात्र असे कप्पे ज्याने पाडलेच नाहीत, तो कॅथेमेरल.

असे का? एकच कारण नाही, आणि शास्त्रज्ञांचेही यावर एकमत नाही. पाला-पाचोळ्यासारखे निकस खाणे वाट्याला आले, तर पोट भरायला बारा तास पुरत नाहीत. (हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!) दुसरे कारण शत्रूचे. कोरड्या ऋतूत झाडांची पाने गळतात, आडोसा जातो आणि वरून ससाण्यासारखे शिकारी पक्षी टपलेले असतात. मग मंगूस लेमूर दिवसाचा बराच वेळ गप्प राहून रात्री बाहेर पडतो. पावसाळ्यात पुन्हा दिवसाकडे वळतो. पण रात्रही निर्धोक नाही. फोसा नावाचा मांजरासारखा शिकारी प्राणी दिवस बघत नाही, रात्र बघत नाही. काही अभ्यासक तर म्हणतात, माणूस त्या बेटावर आल्यानंतर मोठे गरुड नष्ट झाले, दिवसाची भीती कमी झाली आणि मूळचे रातपाळीचे लेमूर आता कुठे दिवसा फिरू लागले आहेत. इतरांना हे पटत नाही. ही सवय फार जुनी आहे, असे ते म्हणतात.

मला सगळ्यात नवल वाटले ते दक्षिण अमेरिकेतल्या घुबड-माकडाचे. मोठ्या गोल डोळ्यांमुळे त्याला हे नाव पडले. या माकडात पिलाला बहुतेक वेळ बाप वाहतो, आई फक्त पाजायला घेते. (घरातल्या पुरुष मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) त्याच्या बहुतेक जाती रातपाळीच्या, पण उत्तर अर्जेंटिनातली एक जात दोन्ही पाळ्या करते. शास्त्रज्ञांनी त्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारे पट्टे बांधले. पौर्णिमेच्या आसपास ती रात्रभर हिंडत. अमावस्येला मुकाट बसत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त फिरून कसर भरून काढत. चंद्रग्रहण लागले तसा उजेड कमी झाला आणि माकडांची हालचालही मंदावली. त्यांना पंचांग कुणी वाचून दाखवले नव्हते. दिसेना, म्हणून ती थांबली, इतकेच. थंडी फार पडली तरी ती रात्री कमी फिरतात.

माझे वडील गिरणीत पाळीने जात. आठवडा बदलला की झोप उडायची, जेवण जायचे नाही. भोंगा वाजला की जायचे, चांदणे असो नाहीतर काळोख. लेमूरला निदान भोंगा नाही.

पण त्याची जागाही आता सुरक्षित राहिलेली नाही. शेतीसाठी आणि कोळशासाठी मादागास्करची जंगले तुटत आहेत, आणि मंगूस लेमूर आज नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. दिवस आणि रात्र दोन्ही वापरता येतात त्याला, पण झाडच नसेल तर?

येत्या रविवारी त्या मुलाला हे सांगणार आहे. त्याचा पुढचा प्रश्न बहुधा तयारच असेल.