चार तासांची स्ट्रॉबेरी आणि वेळेचा बाजार

ऑनलाइन खेळात झटपट वरची पातळी गाठण्याची धडपड वरवर पाहता पोरकट वाटते. परंतु याच धडपडीवर एक मोठा व्यवसाय उभा राहिला, तो अमेरिकेच्या शेअर बाजारापर्यंत पोहोचला आणि त्याची रीत आज शेतीशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक अ‍ॅपमध्ये रुजली आहे. ती रीत समजून घ्यायची, तर ज्या खेळाने ती घरोघरी नेली त्या ‘फार्मव्हिल’चा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहायला हवा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या झिंगा या कंपनीने जून २००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ सुरू केला. चीनमध्ये ‘हॅपी फार्म’ आणि फेसबुकवरच ‘फार्म टाउन’ हे अशाच धर्तीचे खेळ त्याआधी आले होते. त्यामुळे कल्पना नवी नव्हती, पण प्रसाराचा वेग मात्र अभूतपूर्व ठरला. २०१० च्या मार्चमध्ये महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक हा खेळ खेळत होते. कचेरीत बसलेला कारकून, परीक्षेच्या तयारीतला विद्यार्थी, घरकाम आटोपून संगणकासमोर बसलेली गृहिणी, असे सारेच एकाएकी ‘शेतकरी’ झाले. बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह शहरात तर सभेच्या वेळी हा खेळ खेळल्याबद्दल एका नगरसेवकाला समितीवरील जागा गमवावी लागली.

खेळाचे नियम सोपे होते. वाफा नांगरायचा, बी पेरायचे, पीक तयार झाले की काढायचे. यातून नाणी मिळत आणि अनुभवाचे गुणही. गुण साठले की पातळी वाढे, आणि पातळी वाढली की नवी बियाणी, नव्या इमारती, नवी जनावरे यांची दारे उघडत.

झटपट वर जाऊ पाहणाऱ्याला यात पहिले गणित सुटे ते पिकाच्या निवडीचे. स्ट्रॉबेरीचे बी १० नाण्यांना मिळे, नांगरणीला १५ नाणी लागत आणि चार तासांनी तयार झालेले पीक ३५ नाण्यांना विकले जाई. निव्वळ नफा १० नाणी, गुण नांगरणीचा एक आणि पेरणीचा एक. सोयाबीनचे बी १५ नाण्यांचे, पीक एका दिवसाचे, विक्री ६३ नाण्यांची. नांगरणी धरून नफा ३३ नाणी आणि गुण तीन. म्हणजे एका पिकापुरते पाहिले तर सोयाबीन सरस. परंतु चोवीस तासांत स्ट्रॉबेरीची सहा पिके निघतात. एकाच वाफ्यातून ६० नाणी आणि १२ गुण! वेगाने वर जायचे तर स्ट्रॉबेरीला पर्याय नव्हता.

या हिशेबातील खरी मेख सहाच्या आकड्यात आहे. सहा पिके काढायची तर दर चार तासांनी हजर राहायला हवे, मध्यरात्री आणि पहाटेसुद्धा. पीक वेळेवर काढले नाही तर ते वाळून जाई, आणि बी व नांगरणीचा खर्च बुडे. मराठवाड्यात किंवा विदर्भात सोयाबीन हाती यायला साधारण शंभर दिवस लागतात आणि त्या काळात पाऊस, कीड, कर्ज व पडलेला भाव अशी अनेक संकटे शेतकऱ्याच्या डोक्यावर टांगलेली असतात. ‘फार्मव्हिल’च्या शेतात यातले काहीच नव्हते. भाव ठरलेला, पीक हमखास. तेथे पीक बुडवणारी मुख्य आपत्ती म्हणजे खेळाडूची गैरहजेरी, आणि ती कंपनीने विचारपूर्वक रचलेली होती.

दुसरा मार्ग शेजाऱ्यांचा. फेसबुकवरील मित्रांना शेजारी करून घेतले, त्यांच्या पिकांना खत घातले, की थोडी नाणी आणि गुण मिळत. शेत मोठे करायचे तर ठरावीक संख्येने शेजारी हवेत, नाहीतर खरे पैसे देऊन घेतलेले ‘फार्म कॅश’ हे चलन हवे. त्यामुळे वर जाण्यास उत्सुक असलेला प्रत्येक खेळाडू कंपनीचा बिनपगारी प्रचारक झाला. ज्यांचा या खेळाशी संबंध नव्हता, त्यांच्याही पानावर कोणाची तरी हरवलेली गाय येऊन उभी राहू लागली. तक्रारी एवढ्या वाढल्या की २०१० मध्ये फेसबुकला अशा सूचनांवर बंधने आणावी लागली.

तिसरा मार्ग अर्थातच पैशाचा. फार्म कॅश मोजले की पीक तत्काळ तयार होई, शेजाऱ्यांची अट टळे, दुर्मीळ वस्तू हाती येत. पैसे मोजणारे खेळाडू एकूण संख्येत थोडे होते. तरीही झिंगाचे उत्पन्न २०१० मध्ये सुमारे ६० कोटी डॉलर होते, ते २०११ मध्ये ११४ कोटींवर गेले. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने शेअर विक्रीतून १०० कोटी डॉलर उभे केले. फेसबुकने स्वतःच्या शेअर विक्रीपूर्वी दिलेल्या माहितीनुसार त्याच्या २०११ मधील उत्पन्नात झिंगाचा वाटा १२ टक्के होता. न उगवलेल्या पिकांची ही कमाई.

हे तिन्ही मार्ग एकत्र पाहिले की व्यवसायाचे सूत्र स्पष्ट होते. वेळ, मित्र आणि पैसा ही या खेळातील तीन खरी चलने होती आणि त्यांचा परस्परविनिमयाचा दर कंपनी ठरवत असे. प्रतीक्षा कंपनीनेच निर्माण करायची आणि त्या प्रतीक्षेतून सुटकाही तिनेच विकायची. ‘लवकर वर कसे जावे’ याच्या युक्त्या खेळाडू मोठ्या हुशारीने शोधत. नांगरलेला वाफा मोडून पुन्हा नांगरायचा आणि केवळ नाणी खर्चून गुण मिळवायचे, ही त्यांतील एक. पण अशा युक्त्यांनीही खेळाडू त्या चौकटीबाहेर पडत नसे. उलट, तो तीत अधिक वेळ घालवी.

अडोबी कंपनीच्या फ्लॅश या तंत्रज्ञानाचा आधार संपुष्टात आल्याने मूळ ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. त्यातील शेते आणि कमावलेल्या पातळ्या त्या दिवशी नाहीशा झाल्या. खेळ गेला, रीत मात्र राहिली. भाषा शिकवणारे अ‍ॅप सलग दिवसांची मालिका तुटू नये म्हणून रोज आठवण करते, खरेदीचे अ‍ॅप घड्याळ उलटे मोजून दाखवते, मुलांच्या खेळात रोज हजेरी लावण्याचे बक्षीस असते. वाळणाऱ्या स्ट्रॉबेरीचीच ही रूपे.

आपल्याकडील कायद्याची नजर याकडे अर्धवटच वळली आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या १३ प्रकारच्या रचनांची यादी जाहीर केली, त्यात खोटी निकड दाखवणे आणि सतत तगादा लावणे यांचा समावेश आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि मनोरंजनाच्या सामाजिक खेळांना वेगळे ठेवले. ही विभागणी योग्यच आहे. शेतीचा खेळ हा जुगार नव्हे. मात्र पैसा पणाला लागला की नाही, एवढ्याच कसोटीवर खेळ तपासला, तर खेळाडूचा वेळ आणि झोप पणाला लागते याची नोंद कोठेच होत नाही.

तोवर ग्राहकाने स्वतःच एक साधी कसोटी लावून पाहावी. खेळ आपण सवडीने उघडतो की तो बोलावतो म्हणून? सवडीने उघडत असू, तर तो विरंगुळा आणि त्यात गैर काही नाही. घरातील मूल रात्री दोन वाजता पीक काढण्यासाठी गजर लावत असेल, तर मात्र त्याची पातळी कितीही वाढलेली असो, त्या शेतात राबणारा शेतकरी कोण आणि पीक कोणाच्या घरी जाते, हे त्याच्याजवळ बसून उलगडून सांगण्याची वेळ आलेली आहे.